फळ्यावर समजतं, वहीत सुटत नाही

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला आहे. शाळेत सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा सगळं समजतं म्हणते. घरी येऊन तसंच गणित आकडे बदलून आलं की पेन जागचं हलत नाही. सहामाहीत ८० पैकी २९ पडले. बाकी विषयांत बरी आहे. तिचे वडील गोव्यात कामाला, महिना-दीड महिन्यानं येतात. क्लास लावायचा तर बेळगावला पाठवावं लागतं, आणि संध्याकाळची बस चुकली की पंचाईत. गाईड आणून दिलंय, त्यातलं बघून उतरवते. वाक्यात घातलेली गणितं तर वाचायच्या आधीच सोडून देते. मी सातवी शिकले, मला यातलं काही येत नाही. तिने सोडलेली तीन गणितं सोबत उतरवून पाठवतेय. क्लास लावू का? आणि घरी माझ्याच्यानं काही होण्यासारखं आहे का?

ताई,

'मला यातलं काही येत नाही' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. का नाही, ते तुम्ही पाठवलेल्या पहिल्याच गणितात दाखवतो. पण आधी लेकीचं बघू.

ती खोटं बोलत नाहीये. फळ्यावरचं तिला खरंच समजतं. सर लिहितात 'समजा मोठ्यांची तिकिटं क्ष', मग दोन समीकरणं मांडतात, एकातून दुसरं वजा करतात, उत्तर येतं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून निघते, म्हणून तिला पटते. पण 'समजा क्ष' ही पहिली ओळ कुठून आली? क्ष तिकिटांना का मानलं, पैशांना का नाही? हा विचार सरांच्या डोक्यात झाला आणि खडू हातात घेण्याआधीच संपला. घरी वही उघडली की नेमकी तीच ओळ तिला स्वतः लिहायची असते. मांडे करणारी बाई हातावर पोळी फिरवत मोठी करते आणि उपड्या मडक्यावर टाकते, ते तासभर बघितलं तर आपल्यालाही सगळं कळतं. म्हणून काही आपल्या हाताला मांडा येत नाही. गाईडमध्ये तर ती पहिली ओळ छापूनच आलेली असते. उतरवताना हात चालतो, डोक्याला काम पडत नाही.

आधी रोग कुठला ते बघून घ्या. वाक्यातलं गणित न देता तिला नुसती समीकरणं द्या आणि सोडव म्हणा. पाच-सात मिनिटांत बरोबर उत्तर आलं तर तिचं घोडं फक्त पहिल्या ओळीशी अडलंय. तिथेही चुकली, वजाचं अधिक झालं, अपूर्णांकाशी झटापट झाली, तर दहावीचं पुस्तक बाजूला ठेवून आठवी-नववीचं पंधरा दिवस करायला हवं. त्यात कमीपणा काही नाही. बहुतेक पोरांना थोडं थोडं दोन्ही असतं.

आता तुमचं पहिलं गणित.

गावच्या यात्रेत नाटकाची मोठ्यांची तिकिटं ५० रुपयांना आणि मुलांची ३० रुपयांना विकली. एकूण १२० तिकिटं खपली आणि ५,००० रुपये जमले. तर प्रत्येक प्रकारची किती तिकिटं खपली?

पेन खाली ठेवा आणि तिकीट खिडकीवर तुम्हीच बसलाय असं धरा. समजा सगळी १२० तिकिटं मुलांचीच खपली असती. मग किती जमले असते? १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६००. पण गल्ल्यात तर ५,००० आहेत. १,४०० जास्त का आले? कारण काही तिकिटं मोठ्यांची होती आणि मोठ्यांच्या प्रत्येक तिकिटामागे २० रुपये जास्त मिळाले. मग १,४०० ला २० ने भागा. ७०. मोठ्यांची तिकिटं ७०, मुलांची ५०. झालं की गणित!

बाजारात हिशेब करणारी कुठलीही बाई असाच विचार करते. आता हेच दहावीच्या वहीत कसं दिसतं ते बघा. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी क्ष आणि य लिहितोय. अक्षर कुठलंही चालतं.)

समजा मोठ्यांची तिकिटं क्ष आणि मुलांची य.
क्ष + य = १२०
५०क्ष + ३०य = ५,०००

पहिल्या समीकरणाला ३० ने गुणायचं:
३०क्ष + ३०य = ३,६००

दुसऱ्यातून हे वजा करायचं:
२०क्ष = १,४००
क्ष = ७०, म्हणून य = ५०

तो ३,६०० ओळखलात? 'सगळी मुलांचीच असती तर' म्हणून तुम्ही काढलेला तोच आकडा. २० म्हणजे एका तिकिटामागचा फरक, १,४०० म्हणजे जास्तीचे पैसे. सर ज्याला लोप पद्धत म्हणतात ती एवढीच. लेकीला हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडून दाखवा. 'तीस ने का गुणलं' याचं उत्तर तिला 'सरांनी सांगितलं म्हणून' यापेक्षा बरं मिळेल. पेपरात मात्र समीकरणंच लिहायची, तोंडी रीत तिकिटाच्या खिडकीवर ठेवायची.

या गणितात पोरं कुठे पडतात तेही सांगतो. क्ष + य = ५,००० असं लिहितात. क्ष हा तिकिटांचा आकडा, ५,००० हे रुपये. तिकिटं बरोबर रुपये, असं कधी होईल का? एका समीकरणात एकच जिन्नस. पहिली ओळ तिकिटांची, दुसरी रुपयांची. म्हणून तिने 'समजा' लिहिलं की तुम्ही विचारायचं, 'क्ष म्हणजे काय गं?' नुसतं 'मोठे' असं उत्तर आलं तर पुरत नाही. 'मोठ्यांच्या तिकिटांची संख्या' असं यायला हवं. हा प्रश्न विचारायला सातवीसुद्धा लागत नाही, आणि अर्धी गणितं तिथेच सरळ होतात.

तुमचं काम शिकवायचं नाही, विचारायचं आहे. भाकरी थापता थापता विचारा: काय दिलंय? काय काढायचंय? क्ष कशाला धरलंस? आणि शेवटी, आलेलं उत्तर गणितात घालून बघितलंस का? ७० गुणिले ५० म्हणजे ३,५००, ५० गुणिले ३० म्हणजे १,५००, बेरीज ५,०००. जुळलं. आता गाईड उघडून ताळा बघायची गरज उरली नाही. स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येतं हे एकदा कळलं की पोरांचं भ्यायचं अर्धं कमी होतं. वर्गात मी हे फार वेळा बघितलंय.

दुसरं गणित. हे खरं दहावीचं दुखणं.

एक बस १२० किलोमीटर अंतर ठरावीक वेगाने कापते. वेग ताशी १० किलोमीटरने जास्त असता तर १ तास कमी लागला असता. बसचा मूळ वेग काढा.

इथे समीकरणाकडे धावायचं नाही. आधी एक लहान तक्ता करायचा. डावीकडे 'नेहमीची बस', उजवीकडे 'जोरात गेली तर'. खाली तीन ओळी: अंतर, वेग, वेळ. अंतर दोन्हीकडे १२०. वेग एकीकडे क्ष, दुसरीकडे क्ष + १०. वेळ रिकामाच राहतो, कारण तो दिलेला नाही, काढावा लागतो. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. म्हणून एकीकडे १२०/क्ष आणि दुसरीकडे १२०/(क्ष + १०). तक्ता भरला आणि गणितातलं एकच वाक्य उरलं: '१ तास कमी लागला असता'. उरलेलं वाक्य म्हणजेच समीकरण. तक्त्यात जे मावलं नाही तेच समीकरण होतं, हे तिच्या लक्षात आणून द्या. वय, काम, नाव-प्रवाह, सगळ्या गणितांना हेच लागू पडतं.

आता वजाबाकी कुठल्या बाजूने? इथे तिला विचारा: खानापूरहून बेळगावला हळू जाणाऱ्या बसला जास्त वेळ लागतो की जोरात जाणाऱ्या? हळू जाणारीला. मग जास्त वेळातून कमी वेळ वजा:

१२०/क्ष − १२०/(क्ष + १०) = १

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + १०) ने गुणायचं:

१२०(क्ष + १०) − १२०क्ष = क्ष(क्ष + १०)
१२०क्ष + १,२०० − १२०क्ष = क्ष² + १०क्ष
१,२०० = क्ष² + १०क्ष
क्ष² + १०क्ष − १,२०० = ०

इथवर येऊन कित्येक पोरं थांबतात, कारण १,२०० चे अवयव कसे शोधायचे ते सुचत नाही. १ गुणिले १,२००, २ गुणिले ६००, अशी सुरुवातीपासून रांग लावतात आणि वेळ घालवतात. मधूनच सुरुवात करायची. ३५ चा वर्ग १,२२५, म्हणजे १,२०० च्या जवळपास. तर आपले दोन आकडे ३५ च्या अलीकडे-पलीकडे असणार, आणि मधे १०क्ष आहे म्हणून त्यांच्यात १० चा फरक हवा. ४० आणि ३०. गुणून बघा, १,२०० बरोबर. फरक मोठा असेल तर थोडं लांब सरकावं लागतं, एवढंच.

क्ष² + ४०क्ष − ३०क्ष − १,२०० = ०
क्ष(क्ष + ४०) − ३०(क्ष + ४०) = ०
(क्ष + ४०)(क्ष − ३०) = ०
क्ष = −४० किंवा क्ष = ३०

वेग ऋण असत नाही, म्हणून ३०. हे वाक्य लिहायलाच हवं, नुसतं −४० वर काट मारून भागत नाही. शेवटी 'बसचा मूळ वेग ताशी ३० किलोमीटर'. ताळा: ३० च्या वेगाने ४ तास, ४० च्या वेगाने ३ तास, एक तासाचा फरक. बरोबर.

तिने वजाबाकी उलटी केली असती तर? मग क्ष² + १०क्ष + १,२०० = ० आलं असतं. विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येतो तो आकडा) काढा: १०० वजा ४,८००, म्हणजे ऋण. याला वास्तव मूळच नाही. ताशी अमुक किलोमीटर धावणाऱ्या बसला वेगच नाही, असं गणित सांगू लागलं की समजायचं, मांडणी वरती कुठे तरी उलटलीय. अशा वेळी पोरं सगळं खोडून नव्याने सुरू करतात किंवा रडकुंडीला येतात. त्यापेक्षा तक्त्याकडे परत जायचं, तिथे चूक दिसते.

तिसऱ्या गणिताला समीकरणापेक्षा आकृती जास्त लागते.

जमिनीवरच्या एका बिंदूतून मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन ३०° आहे. मनोऱ्याकडे ४० मीटर चालत गेल्यावर तो ६०° होतो. मनोऱ्याची उंची काढा.

कोन कुठला, यातच घोळ होतो. पोरं ६०° लांबच्या बिंदूला लावतात, कारण मोठा आकडा म्हणून लांब वाटतो. तिला अंगणात घेऊन जा आणि समोरचं माडाचं किंवा आंब्याचं झाड दाखवा. लांबून शेंडा बघताना मान थोडीच वर जाते, जवळ गेल्यावर पाठीमागे टेकते. जवळ गेलं की कोन मोठा. हे एकदा मानेला कळलं की परीक्षेत विसरत नाही. दुसरी चूक म्हणजे ४० मीटर हा मनोऱ्यापर्यंतचा पूर्ण पाया समजणं. ४० हे फक्त दोन बिंदूंमधलं अंतर. जवळच्या बिंदूपासून मनोऱ्यापर्यंत किती, ते ठाऊक नाही, म्हणून तेच क्ष. उंची उ.

जवळच्या बिंदूतून: टॅन ६०° = उ/क्ष, म्हणून उ = √३ क्ष
लांबच्या बिंदूतून: टॅन ३०° = उ/(क्ष + ४०) = १/√३, म्हणून √३ उ = क्ष + ४०

वरचा उ खाली घाला. √३ गुणिले √३ क्ष म्हणजे ३क्ष.
३क्ष = क्ष + ४०
क्ष = २०
उ = २०√३, म्हणजे सुमारे ३४.६४ मीटर

ताळा पट्टी आणि कोनमापकाने करा, हे तुम्हीही करू शकता. १० मीटरला १ सेंटिमीटर धरा. मग मनोऱ्यापासून लांबचा बिंदू ६ सेंटिमीटरवर आणि जवळचा २ सेंटिमीटरवर येतो. जवळच्या बिंदूवर ६०° चा कोन काढा, लांबच्यावर ३०° चा. दोन रेषा जिथे मिळतात तिथली उंची मोजा. साडेतीन सेंटिमीटरला थोडी कमी भरेल. परीक्षेत एवढा वेळ नसतो, पण घरी दोन-चार गणितांना असं करून बघितलं की टॅन म्हणजे फक्त पाठ करायचा तक्ता राहत नाही.

आणि एक सवय लावा. उंचीचं उत्तर आलं की विचारायचं, 'एवढं असेल का?' गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे. तिच्या वहीत शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची १७३ मीटर आली असेल, तर वर कुठे तरी गुणायच्या जागी भागलंय किंवा भागायच्या जागी गुणलंय.

श्रेढीचं, म्हणजे ठरावीक आकड्याने वाढत जाणाऱ्या संख्यांचं, गणित तुम्ही पाठवलं नाही, पण ते येणारच, म्हणून घाईने सांगतो. गटात बायका पहिल्या महिन्याला १०० रुपये घालतात, नंतर दर महिन्याला ५० वाढवतात. बाराव्या महिन्याला किती घालावे लागतील? पोरं १०० + १२ × ५० असं करतात आणि ७०० सांगतात. पण बाराव्या महिन्यापर्यंत वाढ किती वेळा झाली? अकरा वेळा, पहिल्या महिन्याला वाढ नव्हती. म्हणून १०० + ११ × ५० = ६५०. सूत्रातलं 'न वजा १' ते हेच. वर्षाची एकूण रक्कम हवी असेल तर पहिला आणि शेवटचा महिना मिळवा, ७५०. दुसरा आणि अकरावा, तेही ७५०. अशा सहा जोड्या, ४,५०० रुपये. 'बाराव्या महिन्याला किती' आणि 'बारा महिन्यांत किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पेपर घाईने वाचणारी पोरं इथे हमखास फसतात.

निर्देशक भूमितीत डोकं लावायचं फारसं काही नसतं, तिथे हातचे मार्क मिळतात. (−२, ३) आणि (४, −५) यांतलं अंतर काढताना कंस मात्र सोडायचा नाही. ४ − (−२) म्हणजे ६. पोरं ४ − २ करून २ लिहितात आणि पुढचं सगळं वाया जातं. दुसरं −५ − ३ म्हणजे −८. वर्गांची बेरीज ३६ + ६४ = १००, अंतर १०. सरासरी, मध्यक, बहुलक यांचंही तसंच: तक्ता नीट ओढायचा, बेरीज दोनदा करायची.

प्रमेयांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. थेल्सचं प्रमेय (त्रिकोणाच्या पायाला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते) मुलं तोंडपाठ करतात आणि आकृतीतलं एक अक्षर बदललं की गडबडतात. त्यातली कल्पना एकच आहे. त्रिकोणात पायाला समांतर रेषा काढली, तिच्या दोन्ही टोकांतून समोरच्या कोपऱ्यांना रेषा जोडल्या, की खाली दोन त्रिकोण तयार होतात. दोघांचा पाया ती समांतर रेषाच आणि दोघेही त्याच दोन समांतर रेषांमध्ये, म्हणून क्षेत्रफळ सारखं. वरच्या लहान त्रिकोणाला या दोघांनी आळीपाळीने भागायचं. उंची सारखी असल्यामुळे क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे पायांचं गुणोत्तर, आणि सिद्धता झाली. हे तिने आकृतीवर बोट ठेवून तुम्हाला समजावून सांगू दे. तुम्हाला नाही कळलं तर म्हणा, 'परत सांग.' पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने लिहायचं आणि प्रत्येक ओळीशेजारी कंसात कारण. कारणाविना ओळ म्हणजे मार्क कापायला जागा.

मार्कांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दहावीच्या गणिताला लेखी ८० आणि अंतर्गत २० मार्क. पेपर तपासताना पायऱ्यांना मार्क असतात. उत्तर चुकलं तरी 'समजा' बरोबर, समीकरण बरोबर, सूत्र बरोबर, तर तेवढे मिळतात. म्हणून वाक्यातलं गणित कोरं सोडणं हा शुद्ध तोटा. काहीच सुचलं नाही तरी तक्ता किंवा आकृती काढून, क्ष मानून एक समीकरण मांडायचं. ८० पैकी २९ घेणाऱ्या मुलीच्या वहीत अशा किती जागा कोऱ्या होत्या, ते सहामाहीचा पेपर परत मागून बघा. त्या बघितल्या की पुढे काय करायचं ते कळेल.

आता गाईड. ते फेकू नका, वापरायची रीत बदला. सोडवलेलं गणित एकदा लक्ष देऊन वाचायचं, 'क्ष कशाला धरलं' एवढंच डोक्यात ठेवायचं. मग गाईड बंद. पाच मिनिटं दुसरं काही तरी, पाणी भरून ये म्हणा. मग कोऱ्या पानावर तेच गणित स्वतः. अडली तर गाईडवर वही झाकून फक्त एक ओळ बघायची आणि परत झाकायचं. जिथे अडली तिथे समासात फुली. चार दिवसांनी फुलीवालीच गणितं परत करायची. रोज दोनच गणितं करा, पण अशी. दहा गणितं उतरवण्यात संध्याकाळ जाते, आणि दुसऱ्या दिवशी हाताशी काही उरत नाही.

एक गणित तुम्हा दोघींना मिळून करायला देतो, कारण गुंठा तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतो. २ गुंठ्यांचा आयताकृती तुकडा आहे, लांबी रुंदीपेक्षा ३३ फूट जास्त. रुंदी किती? गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दोन गुंठे २,१७८. रुंदी क्ष, लांबी क्ष + ३३, म्हणून क्ष² + ३३क्ष − २,१७८ = ०. तिला इथवर यायला मदत करा आणि पुढे तिच्यावर सोडा. अवयव सापडले नाहीत तर सूत्र आहेच: विवेचक १,०८९ + ८,७१२ = ९,८०१, त्याचं वर्गमूळ ९९. क्ष = (−३३ + ९९)/२ = ३३. तुम्ही मात्र आधीच सांगू शकाल की दोन गुंठे शेजारी-शेजारी ठेवले तर रुंदी ३३ आणि लांबी ६६. ती अर्ध्या तासाने तिथे येईल तेव्हा 'मला आधीच माहीत होतं' असं म्हणा खुशाल.

राहिला क्लासचा प्रश्न. लगेच लावू नका. महिनाभर हे करून बघा, आणि शाळेतल्या सरांना एकदा भेटा. मधल्या सुट्टीत फुलीवाली गणितं घेऊन येऊ दे का, एवढंच विचारा. बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत, कारण नेमकं कुठे अडलंय ते सांगणारी पोरं त्यांना क्वचितच भेटतात. तरीही क्लास लावायचाच झाला, तर पैसे भरायच्या आधी एक दिवस तिला नुसतं बसवून बघा. तिथे सर फळ्यावर सोडवतायत आणि चाळीस पोरं खाली मान घालून उतरवतायत असं दिसलं, तर बसभाडं वाचवा. पोरांना वहीत करायला लावून सर बाकांमधून फिरत असतील, तर संध्याकाळच्या बसची काही तरी सोय बघा आणि पाठवा.